देवाने दिलेल्या जागेवर समाधानी राहायचं म्हणजे नक्की काय? (लेकीच्या रीलवरून पडलेला प्रश्न)

खुर्च्यावाला | रवि, रात्री ९:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्यातला, लष्कर भागातल्या एका मराठी मंडळीचा सभासद. (आमच्यात चर्चला मंडळी म्हणतात, इथली मंडळी वेगळी.) गेली बावीस वर्षं रविवारी उपासनेच्या तासभर आधी जाऊन मी खुर्च्या लावतो. त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांकही भिंतीवरच्या फळीवर लावतो. लाकडी पट्ट्यांवर रंगवलेले आकडे आहेत. त्यातला एक सात मागे एका पावसाळ्यात हरवला, तेव्हापासून बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला सात चालतोय. एका खुर्चीचा पाय हलतो, ती मी कायम खांबामागे ठेवतो, म्हणजे कुणी म्हातारं माणूस तिच्यावर बसायला नको. नोकरी भोसरीला, कारखान्यात स्टोअरला.

माझी लेक एकोणीस वर्षांची. आवाज चांगला आहे, देवाची कृपा. मे महिन्यात तिने एक भक्तिगीत म्हणून रील टाकलं आणि पंधरा दिवसांत ते सव्वा लाख लोकांनी पाहिलं. मग पिंपरीहून बोलावणं आलं, नगरच्या तरुण मेळाव्याचं आलं. संडेस्कूलमध्ये जिचं नाव कुणाला आठवत नव्हतं, तिच्याबरोबर आता उपासना संपली की फोटो काढतात. मला वाईट वाटलं असं मुळीच नाही. पण परवाच्या रीलला चार हजारच आले, तर पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. रात्री दोनला उठून फोन बघते.

मी म्हटलं, "बेटा, देवाने आपल्याला जिथे ठेवलंय तिथे समाधानाने राहावं." तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही इतकी वर्षं खुर्च्या लावताय. ते समाधान आहे, की दुसरं काही जमलं नाही म्हणून?"

रागाने नाही, सरळ विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. बायबलमध्ये समाधानाबद्दल काय लिहिलंय ते मला माहीत आहे, वचनं पाठ आहेत. पण खरं समाधान आणि आंबट द्राक्षं यांतला फरक माणसाने स्वतःपुरता ओळखायचा कसा? कुठल्याही धर्माच्या माणसाने सांगावं.

---

चहाबाज | ९:५२

पहिला! लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न भारी विचारलाय.

---

सायकलस्वार | १०:०५

काका, उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी देहूत देऊन झालंय. ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान. धागा बंद करायला हरकत नाही. :)

---

निरीश्वर_नाना | १०:११

बंद कशाला, आत्ता तर सुरू झालाय.

"देवाने दिलेली जागा" ही भाषा जगात सगळीकडे कोण वापरतं ते एकदा बघा. ज्याला चांगली जागा मिळालीय तो. सोसायटीच्या वॉचमनला समाधानाचे धडे देणारे चेअरमन मी पाहिलेत आणि त्यांचं स्वतःचं दोन पार्किंगमध्ये भागत नव्हतं. तुमची मुलगी हुशार आहे, तिला गाऊ द्या. बाकी देवाला मध्ये आणू नका.

---

कॅम्पातली_मावशी | १०:३०

नाना, तुमचं नेहमीचं चालू द्या. खुर्च्यावाले भाऊ, तत्त्वज्ञान नंतर. पोरगी दोन दिवस जेवली नाही ही गोष्ट आधी बघा. माझ्या भाचीचं असंच झालं होतं, तिचं तर गाणंही नव्हतं, नुसते केक. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा नियम सगळ्या घराला करा, तिला एकटीला नको. तुम्हीसुद्धा ठेवायचा.

---

रास्तापेठी | ११:१५

नानांशी देवाच्या बाबतीत पटणार नाही, पण जागेच्या बाबतीत त्यांचा मुद्दा मी पुढे नेतो, कारण तो माझ्या घरचा आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजोबांची "दिलेली जागा" वेशीबाहेर होती. तीही देवानेच दिलीय असं त्यांना गावाने सांगितलं होतं, त्या देवाचं नाव वेगळं होतं एवढंच. ते ख्रिस्ती झाले, मिशनच्या शाळेत शिकले, मास्तर झाले. म्हणजे आमच्या घराण्यात ख्रिस्ती होणं याचा पहिला अर्थच दिलेली जागा सोडणं असा आहे. त्यामुळे व्यासपीठावरून कुणी "आपल्या जागी समाधानी राहा" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. वचन तेच असतं, पण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यावर त्याचा अर्थ फिरतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १८४८ साली इंग्रजीत लहान मुलांसाठी लिहिलेलं एक स्तोत्र आहे, आजही जगभर म्हणतात, चालीसकट तुम्ही ऐकलेलं असणार. पाखरं, फुलं, डोंगर सगळे देवाने केले असं गोड गाणं. त्यात मूळ एक कडवं होतं की वाड्यातला श्रीमंत आणि त्याच्या दाराशी उभा गरीब, दोघांनाही देवानेच आपापल्या पायरीवर ठेवलंय. पुढे बऱ्याच गीतसंग्रहांनी ते कडवं गुपचूप गाळलं. आता बघा, त्याच १८४८ मध्ये इथे बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा काढत होते. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ख्रिस्ती घरातली गोरी पोरं पायरीचं कडवं म्हणत होती आणि मिशनच्या शाळेतून निघालेला एक माळ्याचा मुलगा पायऱ्या मोडत होता. यातलं बायबलच्या जवळ कोण?

खुर्च्यावाले दादा, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण "जागा" हा शब्द जरा तपासून वापरा.

---

चहाबाज | ११:१८

रास्तापेठी, टाळ्या. झोप उडवलीत.

---

खुर्च्यावाला | ११:४०

रास्तापेठी, तुमचं म्हणणं डोक्यावर. आमचीही गोष्ट काही वेगळी नाही, आजोबा जालन्याकडून आले. त्या अर्थाने मी जागा म्हटलंच नव्हतं. पण मग कुठल्या अर्थाने म्हटलं, असं आत्ता स्वतःला विचारतोय.

---

ग्रंथकीटक | सोम, सकाळी ७:२०

सकाळी चहाबरोबर वाचलं, ऑफिसच्या आधी लिहून टाकतो.

ज्या वचनावरून हे "जागेवर राहा" येतं ते बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, सातवा अध्याय, विसावं वचन: ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने तीत राहावं. व्यासपीठावरून बहुतेक वेळा एवढंच वाचतात. पुढच्याच वचनात तो दासांशी बोलतो. दास असताना बोलावणं आलं तर खंत करू नकोस, पण मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. म्हणजे पायरी देवाने आखलीय असं तो म्हणतच नाही. तू ज्या पायरीवर आहेस तिथेही देवाचं बोलावणं पोहोचतं, त्यासाठी आधी वर चढून यावं लागत नाही, असं म्हणतोय. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, फिलिप्पैकरांच्या पत्रात समाधानाबद्दल लिहिताना तो "शिकलो" म्हणतो. जन्मजात नव्हतं. आणि लिहितोय कैदेतून. तोच पौल फटके मारायला निघालेल्या शिपायांना आपण रोमी नागरिक असल्याचं सुनावतो आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागतो. समाधानी माणूस म्हणजे गप्प बसणारा माणूस, हे त्याच्यावरून तरी सिद्ध होत नाही.

तिसरं खुर्च्यावाल्यांसाठी. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय कुणी वाचत नाही, कारण त्यात नुसती नावं आहेत. याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. त्यात बाविसाव्या वचनात एक माणूस मध्येच डोकं वर काढतो: हे पत्र लिहून काढणारा मी तर्तिय तुम्हाला सलाम सांगतो. दोन हजार वर्षं ज्या पत्रावर ग्रंथांचे ढीग पडले, ते ज्याच्या हाताने कागदावर उतरलं त्याने स्वतःबद्दल एवढंच लिहिलं. पुढच्याच वचनात "बंधू क्वर्त" येतो. लॅटिनमध्ये तर्तिय म्हणजे तिसरा, क्वर्त म्हणजे चौथा. दासांना अशी आकड्यांची नावं सर्रास ठेवत. हे दोघे दास होते की नाही, की सख्खे भाऊ होते, काही कळायला मार्ग नाही. पण तिसरा आणि चौथा अशा नावांची माणसं त्या यादीत नगराच्या खजिनदाराच्या शेजारी बसलीत.

---

वानवडीकर | ८:४५

सुंदर! सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याचं प्रसिद्ध वाक्य आठवलं. ख्रिस्ती चांभार बुटांवर छोटे क्रूस काढून आपलं कर्तव्य करत नाही, तर चांगले बूट शिवून करतो.

---

ग्रंथकीटक | ९:०२

वानवडीकर, वाक्य छान आहे पण ल्यूथरच्या लिखाणात ते सापडत नाही. कुणीतरी त्याच्या नावावर खपवलंय. त्याने खरोखर लिहिलेलं हवं असेल तर १५२२ मधलं घ्या, विवाहाबद्दलचं. बाप बाळाची लंगोटं धुतो म्हणून लोक त्याला बायकी म्हणून हसतात, पण तो विश्वासाने धूत असेल तर देव सगळ्या देवदूतांसकट त्याच्याकडे बघून आनंदाने हसतो. साधू-संन्याशांनाच "पाचारण" असतं हा समज त्याने मोडला. चांभार, मोलकरीण, बाप, सगळ्यांच्या कामाला तोच शब्द लावला.

---

वानवडीकर | ९:०६

म्हणजे मी गेली दहा वर्षं व्हॉट्सॲपवर खोटा ल्यूथर फॉरवर्ड करतोय. :(

---

डायपरग्रस्त | ९:३०

लंगोटवाल्या वाक्याची प्रिंट काढून सासूबाईंना दाखवणार आहे.

---

पाळकीणबाई | दुपारी १:१०

जेवण उरकून लिहायला बसले. नावावरून कळलं असेल, यजमान पाळक आहेत. कुठल्या मंडळीचे ते विचारू नका.

मुलांच्या रील्सवर सगळे तुटून पडतात. जरा मोठ्यांकडे बघू. पूर्वी उपदेशसभेचं हँडबिल निघायचं, पिवळ्या कागदावर, वरती वचन, खाली वक्त्याचं नाव. आता फ्लेक्स. पुण्यात फ्लेक्सशिवाय पान हलत नाही, मग आपणच का मागे राहा. मागच्या वर्षी एका सभेचा फ्लेक्स बघितला. मधोमध पाहुण्या प्रचारकांचा हात उंचावलेला फोटो, गॉगल लावून. दोन्ही बाजूंना कमिटीचे सोळा फोटो, पासपोर्ट साईज. जनरेटर देणाऱ्याचाही फोटो. क्रूस उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि त्यावर नेमकी बांधायची दोरी आली होती.

आमच्या घरी त्यावरून भांडण झालं. यजमानांचा फोटो त्या सोळांत दुसऱ्या ओळीत होता आणि त्यांना ते लागलं होतं. मी हसले, ते चिडले. मग रात्री उशिरा स्वतःच म्हणाले, जब्दीच्या मुलांनी, येशूच्या दोन शिष्यांनी, त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागितली त्यावर मी गेल्याच महिन्यात उपदेश केला होता ना? मी म्हटलं, हो, चांगला झाला होता.

सांगायचं काय, की हा रोग एकोणीस वर्षांच्या पोरीला रीलमुळे झाला असं समजू नका. तो आपल्या सगळ्यांना आहे, तिचा फोनवर आकड्यात दिसतो इतकंच.

---

चहाबाज | १:१५

"नेमकी बांधायची दोरी आली होती" हसून हसून पुरेवाट. ऑफिसमध्ये लोक बघायला लागले.

---

पेठी_पुणेकर | २:००

अवांतर, पण ख्रिस्ती, पुणे आणि प्रसिद्धी हे तीन शब्द एकत्र आले की पंचहौदचा चहा आठवलाच पाहिजे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) सगळी नावं छापवून आणली आणि गावभर झालं. ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला), प्रायश्चित्त, काय काय. त्या काळचं व्हायरल प्रकरण. लाईक्स शून्य, कॉमेंट्स हजार.

---

सायकलस्वार | २:०४

मूळ प्रश्न बिस्किटांचा नव्हता हो.

---

पेठी_पुणेकर | २:०६

पुण्यात प्रत्येक प्रश्न शेवटी बिस्किटांवर येतो.

---

तंबोरा | संध्याकाळी ६:५०

मी ख्रिस्ती नाही, पण खुर्च्यावाल्यांचा प्रश्न माझा आहे म्हणून लिहितो.

बारा वर्षं गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसलो. सवाईच्या स्वरमंचावरही दोनदा. लोकांना वाटतं तंबोरा म्हणजे चार तारा छेडत बसायचं. जव्हारीचा दोरा केसभर सरकला तरी गुरुजींची मान किंचित वळायची, कुणाला दिसायचं नाही, मला दिसायचं. तीन तास षड्ज सांभाळायचा. मुंग्या आलेला पाय हलवायचा नाही. समोर दहा हजार माणसं, आणि आपल्याकडे एकही बघत नाही. कॅमेरा गुरुजींवर, मग तबल्यावर, मग पेटीवर. आईने घरी रेकॉर्डिंग बघितलं तर म्हणाली, तुझा गुडघा दिसला.

त्या बारा वर्षांत दोन्ही अनुभव आलेत. काही मैफली अशा की मी तिथे नव्हतोच, नुसता सूर होता. तो आनंद मला पुढे स्वतः गातानाही क्वचितच मिळाला. आणि काही मैफली अशा की बसल्या बसल्या मनात हिशेब चालू, पुढच्या वर्षी मला पंधरा मिनिटं तरी देतील का, तो अमका माझ्यानंतर आला आणि त्याला मिळाली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही दिवशी मी सारखाच दिसत असणार. त्यामुळे फरक बाहेरच्याला ओळखता येत नाही एवढं नक्की. स्वतःलाही, त्या वेळी नाही. मला तरी घरी परत जाताना स्कूटरवर कळायचं.

---

निरीश्वर_नाना | ७:१०

हा प्रतिसाद आवडला. देव नाही तरी चालतंय बघा.

---

तंबोरा | ७:१४

नाना, षड्ज होता की.

---

केडगावची | ८:२५

माझं आजोळ केडगावचं, दौंड तालुक्यातलं, म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आजच्या भाषेत त्या सेलिब्रिटी होत्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं तेव्हा वय विशीचं. मग इंग्लंड, अमेरिका. तिथे गावोगाव व्याख्यानं, बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल झाली. त्या प्रसिद्धीवर शारदा सदन उभं राहिलं, आधी मुंबईला, मग पुण्यात. म्हणजे प्रसिद्धी वाईटच असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या व्याख्यानांशिवाय त्या विधवा मुलींच्या डोक्यावर छप्पर आलं नसतं.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळरानावर राहिल्या. शेवटची वर्षं तर बायबलचं मराठी भाषांतर करण्यात गेली, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या. १९२२ मध्ये गेल्या. ते भाषांतर आज फार थोड्यांनी वाचलंय.

रास्तापेठींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. जन्माने दिलेली जागा त्यांनी सोडली, एकदा नाही अनेकदा. टाळ्यांची जागा मिळाली तीही सोडली. मग केडगाव ही दिलेली जागा की निवडलेली? माझी आजी म्हणायची, ज्या जागेवर आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं ती आपली जागा.

---

रास्तापेठी | ८:४०

केडगावची, आजीचं वाक्य जवळजवळ पटलं. एकच शंका. आपल्यावाचून अडतं हासुद्धा मोठा गोड अहंकार असतो. आमच्याकडे एक आजोबा तीस वर्षं दानाची थाळी फिरवायचे, आजारी पडले तरी दुसऱ्याला देईनात.

---

लिज्यूची_वाट | ९:३०

कॅथलिक बाजूने थोडं. "लहान वाट" म्हणून एक गोष्ट आमच्याकडे फार मानतात. लिज्यूची तेरेझा, फ्रान्समधली कार्मेल मठातली जोगीण. (मदर तेरेसांनी नाव हिच्यावरून घेतलं.) १८९७ मध्ये क्षयाने गेली, वय चोवीस. धुणं धुताना शेजारची जोगीण घाण पाणी तोंडावर उडवायची तर ते न पुसता सोसायचं, अशी हिची पराक्रमगाथा. ती मरणाला टेकलेली असताना मठातलीच एक जोगीण म्हणाली म्हणतात, हिच्या मृत्युलेखात लिहायचं तरी काय?

आणि गंमत बघा, तिच्या वह्या छापल्या गेल्या आणि १९२५ मध्ये ती संत म्हणून जाहीर झाली. आज जगातल्या सगळ्यात लोकप्रिय संतांपैकी एक. लपायला गेली आणि पुतळे झाले.

---

निरीश्वर_नाना | ९:३६

एका अमेरिकन इतिहासकाराने, डॅनियल बूर्स्टिनने, १९६१ मध्ये सेलिब्रिटीची व्याख्या केली होती: जो प्रसिद्ध असल्याबद्दल प्रसिद्ध असतो तो. तुमच्या तेरेझाबाई निदान त्यात बसत नाहीत.

---

फर्स्ट_इयर_वाली | ११:५५

मी वयाने इथे बहुतेक सगळ्यात लहान असेन. एफवाय, फर्ग्युसन रस्त्याच्या आसपासचं कॉलेज. काकांच्या मुलीच्या बाजूने कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितेय.

तुमच्या वेळी गाणं चांगलं झालं की नाही हे चार माणसं सांगायची, तेही गोड बोलून. आम्हाला आकडा सांगतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. सव्वा लाखानंतर चार हजार आले की असं वाटत नाही की चार हजार लोकांनी ऐकलं. असं वाटतं की एक लाख एकवीस हजार लोक उठून निघून गेले. मी स्वतः एकांकिकेत आहे, प्रयोगाला चाळीस माणसं असली तर आम्ही खूश असतो. चार हजार म्हणजे किती तंबू लागतील ते काकांनाच माहीत, खुर्च्या त्यांना लावायच्यात.

आणि काका, राग मानू नका. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, बावीस वर्षं. तुम्हीपण मोजताय की.

---

चहाबाज | ११:५७

…

---

कॅम्पातली_मावशी | मंगळ, सकाळी ६:३०

पोरीने काट्यावर बोट ठेवलं. भाऊ, चहा घ्या आणि मग उत्तर द्या.

---

खुर्च्यावाला | मंगळ, रात्री १०:२०

दिवसभर स्टोअरमध्ये इन्व्हेंटरी होती, मोजतच होतो. :) पण डोक्यात तेच वाक्य.

हो, मोजतो. आता सगळंच सांगतो. मी बरं गायचो. १९९७ मध्ये रेडिओच्या स्वरचाचणीचं पत्र आलं होतं. सिमला ऑफिसच्या स्टॉपवर उतरलो, रस्ता ओलांडला, फाटकापर्यंत गेलो आणि परत येऊन बसमध्ये बसलो. घरी सांगितलं, झाली नाही. बायकोलाही खरं माहीत नव्हतं, काल सांगितलं. म्हणजे लेकीचं म्हणणं सुरुवातीपुरतं खरं आहे. खुर्च्या लावायला मी समाधानाने गेलो नव्हतो. गाणाऱ्यांच्या रांगेत बसवत नव्हतं म्हणून मागे काहीतरी काम शोधलं.

आणि मागच्या वर्षी वर्धापनदिनाची पत्रिका निघाली. शेवटी आभार होते. मंडपवाल्याचं नाव, केटरिंगवाल्याचं नाव, माझं नाही. मी तीन दिवस बायकोशी धड बोललो नाही, कारणही सांगितलं नाही. लेक दोन दिवस जेवली नाही म्हणून मी इथे धागा काढला आणि माझे तीन दिवस विसरलो.

पण तंबोरांनी लिहिलंय ते दोन्ही प्रकारचे दिवस, ते मलाही माहीत आहेत. सकाळी सव्वासातला कुलूप उघडलं की आत रात्रीची थंड हवा असते. पारवे घुमत असतात. पहिल्या तीसेक खुर्च्यांपर्यंत डोक्यात बिलं, दुखणी, कमिटीचं राजकारण. मग कधीतरी हात आपोआप चालायला लागतो आणि कोण कुठे बसतं ते दिसायला लागतं. इथे ती बाई, तिचा मुलगा दुबईला गेला तो फोन करत नाही. इथे ते, त्यांना ऐकू येत नाही, पुढे हवं. खुर्ची टेकवताना त्या माणसाचं नाव मनात येतं. ही प्रार्थनाच आहे हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ते आंबट द्राक्षांतून नाही आलं. कधी बदललं सांगता येत नाही.

---

ग्रंथकीटक | १०:४१

"शिकलो" म्हणतो तो, हे लिहिलं होतं ना मी. विषय संपला माझ्यापुरता.

---

निरीश्वर_नाना | १०:५५

माझा विरोध कायम आहे. पण तुमची तीस खुर्च्यांनंतरची गोष्ट विरोधातून वगळतो.

---

रास्तापेठी | ११:०५

मीही वगळतो. दादा, फाटकापर्यंत गेलेला माणूस आणि वेशीबाहेर ठेवलेला माणूस, या दोन जागांत मी गल्लत करत होतो. तुमची तुम्ही सोडून दिलेली होती. मात्र लेकीला तिच्या फाटकातून आत जाऊ द्या, तेवढं करा.

---

वानवडीकर | ११:१०

इथे एक ल्यूथरचं वाक्य सुचतंय, पण आता हिंमत होत नाही.

---

खुर्च्यावाला | रवि, दुपारी ३:००

कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं पुढे काय झालं, म्हणून लिहितो. फार काही नाही.

स्वरचाचणीचं लेकीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, पप्पा, तुम्ही गाता हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, मलाही विसरायला झालं होतं. नगरच्या मेळाव्याला ती जाणार आहे, मीच पोहोचवायला जातोय. फोन रात्री हॉलमध्ये असतो, आमचे तिघांचेही. पहिल्या रात्री सगळ्यात आधी कोण उठून बघायला गेलं ते विचारू नका.

आज सकाळी ती माझ्याबरोबर आली. आपण होऊन, बहुतेक मेळाव्याचा फॉर्म पाळकसाहेबांकडून घ्यायचा होता म्हणून. खांबामागची हलणारी खुर्ची तिने पुढे आणून लावली, मी परत मागे नेली. गीत फलक तिने लावला. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातले आजचे तीनही क्रमांक सातवाले निघाले. पुठ्ठ्याचा सात हातात घेऊन म्हणाली, हा किती घाण झालाय, नवीन करू? मी म्हटलं कर. तर पेटीतून स्केचपेन शोधत बसली आणि पहिली घंटा झाली तरी फळी अर्धी रिकामीच.

---

कॅम्पातली_मावशी | ३:२०

मग लोकांनी गीत कुठलं म्हटलं?

---

खुर्च्यावाला | ३:२२

पाळकसाहेबांनी तोंडी सांगितला क्रमांक. चुकीचा सांगितला. अर्धी मंडळी एक गात होती, अर्धी दुसरं.

---

चहाबाज | ३:२३

रील काढलं का कुणी?